खजुरीखालचे पाच डबे

...नाही, पण मी काय म्हणतो, शुक्रवारी माणसानं झोपावं! बहरीनमध्ये आठवड्याला एकच सुट्टी, तीही साहेबाला वाहायची? पण तुम्हाला सांगतो, त्र्याऐंशी साल, थोरलीचं लग्न ठरलेलं, मुहूर्त महिन्यावर, आणि माझा तीस दिवसांच्या लीव्हचा अर्ज तीनदा गेला नि तीनदा 'स्टाफ कमी आहे' असा शेरा घेऊन परत आला. अशात आमचा इंग्रज साहेब म्हणाला, शुक्रवारी बुदैयाच्या रस्त्याला ये, डबे शोधायचेत. आता ज्याच्या सहीवर पोरीच्या अक्षता अडल्यात, त्याला नाही कोण म्हणणार? गेलो.

तिथं कुणा जुन्या घराण्याची खजुरीची बाग, विहीर, पाण्याचे पाट, सगळं शंभर वर्षांचं, नि आता त्याचं पब्लिक पार्क केलेलं. साहेबाच्या मुलखातला खेळ असा की, झाडांखाली डबे लपवायचे, डब्यात एक रबरी शिक्का नि एक वही. हातात दिलेल्या कागदावरच्या मोघम खुणांवरून डबा हुडकायचा, त्याचा शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला त्याच्या वहीत. म्हटलं, अरे, हेच तर मी आवक-जावकच्या टेबलावर एकवीस वर्षं पगार घेऊन करतोय... याला खेळ म्हणतात? शुक्रवारी माणसानं झोपावं!

पण कागद हातात आला की आमचा हात थांबतो होय? आमचा ड्रायव्हर, खेडचा इक्बाल, मागून सांगतोय, "नाना, जरा दमानं, साहेब मागं राहिला." मी कसला थांबतोय... विहिरीपासून चौदा पावलं, वाकडी खजूर, बुंध्याशी डबा. स्वतःचा शिक्का मला कुठला? ऑफिसातला 'रिसीव्ह्ड'चा आणलेला, तो मारला, इनवर्ड नंबर घातला, डबा कुठं सापडला ते पावलांसकट माझ्या वहीत टिपलं, नि डबा टाकला पिशवीत. असे पाचही. तासाभरात खलास.

मग बाकावर बसलो, तर दोन तासांनी साहेबाची मडम आली, उकडलेल्या कोळंबीसारखी लाल, मागं साहेब नि खेळायला आलेली वीसेक गोरी माणसं घामानं निथळत... एकालाही एकही डबा मिळालेला नाही. मी पिशवी पुढं केली, वर म्हणतो कसा, "ऑल कलेक्टेड, सर."

अहो, डबा परत जागेवर ठेवायचा, हे कागदावर लिहायला नको? कागदावर नाही ते मी जन्मात केलेलं नाही! मडम बोलली त्यातलं निम्मं मला कळलं, नि तेवढं पुरलं. कागदावरच्या खुणा मोघम, लपवणारा मायदेशी गेलेला, कुठला डबा कुठल्या झाडाखालचा, हे आता कोण सांगणार, म्हणत होती. माझ्या डोळ्यांपुढं मांडव... सगळे हजर, फक्त नवरीचा बाप सोडून. शुक्रवारी माणसानं झोपावं, झोपावं, झोपावं!

मी वही पुढं केली. दिशा, पावलं, झाड, सगळं नंबरवार. अर्ध्या तासात पाचही डबे जिथल्या तिथं. साहेब वही मिटेचना. इतक्या चोख खुणा आमच्याकडेही कुणी लिहीत नाही, म्हणाला, नि विचारलं, तुझ्या गावाला डोंगर आहेत का?

शनिवारी अर्ज आला, मंजूर! 'रजेचं कारण' या रकान्यातलं 'मुलीचं लग्न' साहेबानं तांबड्या शाईनं खोडलेलं, नि वर लिहिलेलं, 'कोकणात डबे लपवणे'.

लग्नाला तीस दिवस मिळत नव्हते हो... डब्यांना पंचेचाळीस मिळाले.