राऊटरचं बटण

डिचोलीच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत विमलाबाईंच्या पुढे एक नणंद-भावजय उभ्या होत्या. मोबाइल नणंदेच्या, गौरवीच्या हातात होता. पण तिच्या वडिलांचा आवाज अख्ख्या रांगेला ऐकू येत होता.

“गौरवी, आवाज तुटता गो!”

“बाबा, कपाटावरच्या राऊटरचं बटण बंद करा. मिनिटभरानं परत चालू करा.”

“थांब, स्टुलावर चडतां.”

“स्टुलावर नको! बाबा...”

फोन तुटला.

“परत लाव की.”

“कसा लावू, वहिनी? गावी, लाटंबार्शाच्या घरात रेंज कुठे आहे? फोन लागतो तो वायफायवरच, आणि तेच मी बंद करायला लावलं!”

“दोन मिनिटांत येईल गो.”

“सात झाली. गेल्या वर्षी पायरीवरून पडले, तर खुबा मोडला.”

“शेजारच्या सुदेशला सांग.”

“तो काजूच्या बागेत. तिथेही रेंज नाही.”

विमलाबाईही पुढे सरकून ऐकू लागल्या. तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा! कुठे आहात?”

“स्टुलावरच. परत चालू करूक बटण गावना. आता हिरवो दिवो पेटलो.”

“मग उतरा ना हळूहळू.”

“खाली उतरूक भंय दिसता. तू बोलत राव.”

“वहिनी, रिक्षा बघ!”

भावजय धावली. गौरवी मोबाइल कानाशी धरून तिच्यामागून दाराकडे निघाली.

“बाबा, कपाट घट्ट धरा. सकाळी काय खाल्लंत?”

“पेज.”

“आणि?”

“तू दिल्लें तां लोणचां.”