शेळ्यांना चालेल असं कुत्रं

...आणि वर मलाच म्हणतात, ‘तुम्ही जरा खाली बसा!’ मला! कुत्रं निवडायला ज्या माणसाने वहाणा झिजवल्या, त्या माणसाला! बरं, मी उभा का असतो? तर बसलो की मला दहा कामं आठवतात म्हणून. त्यात घाई कसली? तुम्हाला सांगतो, घाईचा माणूस मी नव्हेच.

झालं काय, कोल्ह्याने कुंपणाखालून येऊन लंगडीची दोन्ही करडं उचलली. लंगडी म्हणजे आमची सगळ्यात जुनी शेळी. चालते चारी पायांवर ठणठणीत, लहानपणी एकदा लंगडली होती, नाव तेव्हाचं. आणि आता ती पुन्हा गाभण! म्हणजे कुत्रं हवंच की नाही? मेहुण्याच्या कानावर घातलं. मेहुणा म्हणाला, ‘दाजी, आत्ता आणतो!’ आणि खरंच आणलं हो. डोळे लालभडक, शेपूट ताठ. मी म्हटलं, वा! कोल्हा नुसता बघूनच पळेल. कोल्हा काही आला नाही, खोटं कशाला बोलू... पण कोंबड्याही उरल्या नाहीत. कोल्ह्याला वर्षभर पुरलं असतं एवढं काम त्याने दुपारच्या जेवणाआधी उरकलं! आणि संध्याकाळी धाकटीच्या हातातल्या बिस्किटाकडे बघून असा गुरगुरला की आमची ही दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘परत पाठवा ह्याला. आता आणखी एकच कुत्रं. त्याने कोंबडीचं पीस जरी उपटलं, पोरीला दात जरी दाखवला, तर कुत्रंही जाईल आणि शेळ्याही जातील.’ आवाज न चढवता म्हणाली. ती आवाज चढवते तेव्हा मी घाबरत नाही.

शेळ्या जातील! अहो, मग मी सकाळी उठून काय खुंटांना चारा घालू?

म्हणून या खेपेला मी पूर्ण तयारीनिशी गेलो मेंढ्यावाल्या मावशीकडे. तिची कुत्री मेंढ्यांतच जन्मतात, मेंढ्यांतच वाढतात. मी म्हटलं, ‘मावशी, पिल्लं दाखव, पटकन.’ ती म्हणते, ‘आधी आई बघ. पिल्लं काय, सगळ्यांचीच गोड असतात.’ आई बघितली. मेंढ्यांच्या मधोमध पोत्यासारखी पसरलेली आणि पाठीवर एक कोकरू उभं! मी विचारलं, ‘आजारी आहे का?’ मावशी म्हणाली, ‘कामावर आहे.’

बरं, पिल्लं बघितली. एकाने येऊन माझ्या धोतराचा... नाही, पँटच घातली होती त्या दिवशी, पँटचा पायच धरला! मी म्हटलं, हाच! काय तडफ आहे! मावशी म्हणाली, ‘तो खेळकर आहे. उद्या करडू पळेल, हा मागे पळेल, आणि खेळता खेळता करडाचा कान ह्याच्या तोंडात.’ दुसरं भिंतीआड लपलं होतं. मी म्हटलं, मग हे गरीब दिसतंय. ‘भित्रं आहे ते. भित्रं आधी चावतं.’ मग राहिला कोण? तर कोपऱ्यातला एक तांबडा, वर्षा-दीड वर्षाचा. मी त्याच्या कानाशी डबा आपटला. त्याने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा डोळे मिटले. खाण्याच्या थाळीत हात घातला, तर कचेरी बंद व्हायच्या वेळी आलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघून बाजूला झाला! कोकरू जवळ आलं, तर ह्याने चक्क तोंड फिरवलं.

‘मावशी, हा मठ्ठ आहे.’

‘मठ्ठच हवा.’

‘आणि कोल्हा आला तर?’

‘तेव्हा बघ की! ...पण काय रे, तू नेहमी असाच चालतोस का?’

‘असाच म्हणजे?’

‘असाच,’ म्हणाली, आणि दोरी माझ्या हातात दिली. ‘शेळी व्याली की बोलाव मला. खरं काय ते तेव्हा कळेल. नाही पटला तर परत घेईन.’

आणला. नाव ठेवलं मठ्ठ्या. आधी गोठ्याबाहेर लांब दोरीने बांधला, शेळ्यांना वास कळावा म्हणून, आणि मग आत शेळ्यांतच सोडला. मी आपला जाऊन-येऊन बघत होतो. ही म्हणाली, ‘सारखं काय बघताय?’ म्हटलं, ‘तो काय बघतोय ते बघतोय!’ तो काहीच बघत नव्हता हो! हिने उसन्या आणलेल्या कोंबड्या त्याच्या पंजांवरून चालत गेल्या. धाकटीने त्याला टोपी घातली, त्याने घालून घेतली. माझ्या म्हाताऱ्या आईची काठी शेपटीवर पडली, त्याने शेपूट आवरून घेतलं. आई म्हणाली, ‘गुणी आहे हो. घरातल्या कुणासारखा नाही.’ एकदा पहाटे मात्र असा भुंकला की पत्रे थरथरले, आणि उजाडल्यावर बघतो तर कोल्ह्याची पावलं कुंपणापर्यंत आलेली नि तिथूनच मागे फिरलेली. सगळे खूश. मलाच चैन पडेना. एवढं शांत कुणी असतं का? काहीतरी मनात असणारच! मी घाईने मत बनवत नाही, पण...

आणि त्या दुपारी मी छपरावर पत्रा ठोकत होतो, खालून धाकटी ओरडली, ‘बाबा, लंगडी!’ शिडीच्या पायऱ्या मी गाळल्या थोड्या, पण घाई नाही हं, पोहोचायचं होतं इतकंच. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात बादली, ओरडत गोठ्यात शिरलो आणि बघतो तर... मठ्ठ्याच्या तोंडाला रक्त! संपलं! गेलं करडू, गेल्या शेळ्या, गेलो मी! हातोडा उचलला, तसा तो उठला. शेळीच्या आणि माझ्या मधे उभा राहिला आणि त्याने दात दाखवले. पहिल्यांदाच! तेवढ्यात त्याच्या मागून आवाज आला, ‘म्यँ.’

ओलं, धडपडणारं, जिवंत करडू. हा ते चाटून पुसून काढत होता!

ही म्हणाली, ‘हातोडा खाली ठेवा.’ ठेवला. धाकटी त्याच्या मानेखालून वाकून आत गेली, करडाजवळ बसली. चालतं! आई काठी टेकत गेली, तो सरकला. चालतं! ही गरम पाणी घेऊन गेली, तिला तर त्याने शेपूट हलवलं! मी एक पाऊल टाकलं... गुर्रर्र.

मी म्हटलं, ‘बघितलंस? दात दाखवले! तुझी अट आठवते ना?’

ही करडू पुसत म्हणाली, ‘अट पोरीची आणि कोंबड्यांची होती. तुमचं नाव नव्हतं त्यात.’

मावशी आली. ‘काय, पटला का?’ मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणते कशी, ‘आम्हाला पटला गं. त्याला हा अजून पटायचाय.’ मावशी हसली नाही हो, हसली असती तर बरं झालं असतं! मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, ‘धावत यायचं नाही. ओरडायचं नाही. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. गोठ्याच्या दाराशी खाली बसायचं, आणि त्याने तोंड फिरवलं की आत जायचं.’

कुत्रं चांगलं आहे, मी नाही कुठे म्हणतो? शेळ्यांना चालतं, कोंबड्यांना चालतं, घरच्यांना चालतं. तेव्हा मी आता रोज माझ्याच गोठ्याच्या दाराशी येतो, धाकटी माझा हात धरून सांगते, ‘बाबा, हळू... तो बघतोय,’ आणि आतून सगळे म्हणतात, ‘तुम्ही जरा खाली बसा.’

काल त्याने अर्धं तोंड फिरवलं होतं. उरलेलं अर्धंही फिरवेल कधीतरी... बसलोय की! मला कुठे घाई आहे?