आईच्या नावाला दिलेली सलामी

समारंभाचे अध्यक्ष आणि या नौदल तळाचे प्रमुख कॅप्टन व्हिटलो, व्यासपीठावरचे आमचे फादर सिरिलो, गावच्या मेयरबाई, जेट्टीवर दोर ओढून हात सोललेले कामगार बंधू, त्यांच्या घरून लाल भाताची पातेली घेऊन आलेल्या बायका, आणि ज्याच्या निवृत्तीसाठी आपण जमलो तो माझा थोरला भाऊ ग्रेगोरिओ तायमांग्लो. सर्वांना माझा नमस्कार.

मला इथे बोलायला उभं केलं हे धाडसच म्हणायचं. या तळाविरुद्ध मी चाळीस वर्षं भाषणं करते आहे. या बेटावर असा एकही चौक नसेल जिथे मी या कुंपणाला नावं ठेवली नाहीत. आमचं गाव या कुंपणाच्या आत गेलं. युद्ध संपलं, लोक परत यायला निघाले, तर गावाच्या जागी धक्का, गोदामं आणि झेंड्याचा खांब. राहिली ती फक्त दफनभूमी. तिथे आमची आई आहे. ती गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते आणि दादा आठ वर्षांचा. वर्षातून एक दिवस फाटक उघडतं आणि गावकऱ्यांना आत सोडतात. मी कधीच आले नाही. माझ्याच आईकडे जायला मी परक्याची परवानगी मागणार नाही, अशी शपथ मी विसाव्या वर्षी घेतली. ती मोडली नाही, याचा मला अभिमान आहे. निदान आज सकाळपर्यंत होता.

आणि दादाने काय केलं? याच तळावर नोकरी धरली. छत्तीस वर्षं. युद्धनौका आली की दोर बांधायचे, समारंभ असला की खुर्च्या मांडायच्या, गालिचा अंथरायचा. विमानांच्या नुसत्या आवाजावरून सलामीला किती मिनिटं उरली ते तो सांगतो. मी त्याला भर सभेत विकला गेलेला माणूस म्हटलं होतं. तो मागच्या रांगेत बसला होता. घरी आल्यावर म्हणाला, माईक जरा लांब धर, आवाज फाटतो.

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

आता एक गोष्ट सांगते. तेव्हाचे अधिकारी बदलून गेले, त्यामुळे आता कुणाच्या नोकरीवर येणार नाही. बारा वर्षांपूर्वीचा दोन नोव्हेंबर. त्या दिवशी आपण सगळे आपल्या मृतांना फुलं वाहतो. नेमक्या त्याच दिवशी एका नौकेवरून, बुडालेल्या खलाशांच्या स्मरणार्थ, समुद्रात पुष्पचक्र सोडायचं होतं. दादाने दोन चक्रं गावातल्या एकाच बाईकडून करून घेतली, एक नौदलाचं, एक आईचं. दोन्ही त्याच्याच गाडीत. जेवणाच्या सुटीत तो घाईघाईने आईकडे गेला, एक चक्र ठेवलं, आणि दुसरं धावत नौकेवर पोचवलं.

बिगुल वाजला. अधिकारी ताठ उभे राहिले. चक्र पाण्यात पडलं, आणि फीत उलगडली. फितीवर आपल्या भाषेत लिहिलेलं: 'आमच्या आईला, तान फिलोमेनाला, लेकरांकडून.' तान म्हणजे बाईच्या नावाआधी लावायचा मान, कॅप्टनसाहेब.

अधिकाऱ्यांना वाचता येईना. धक्क्यावरच्या दोरवाल्यांना आलं. ते काय करणार? त्यांनी टोप्या काढल्या. तेवढ्यात डोक्यावरून चार विमानं गेली. सबंध नौका माझ्या आईला सलाम करत होती. जिचं घर, विहीर, फणसाची झाडं गेली, तिला!

संध्याकाळी दादाने हे सांगितलं, तेव्हा मी आधी हसले, मग संतापले, मग मला काहीच कळेना. मी विचारलं, "मुद्दाम केलंस ना?"

"नाही गं. फुलं सारखीच होती."

"आणि कळलं असतं तर बदललं असतंस?"

तो मासा निवडत राहिला. मग हातातलं बाजूला ठेवून म्हणाला, "ते मला अजून कळत नाही."

मी म्हटलं, निदान त्या खलाशांचं चक्र तरी आईवरून उचल. तर म्हणाला, "राहू दे. त्यांच्याही आया असतील कुठेतरी, त्यांना तर थडगंसुद्धा नाही."

मंडळी, मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. न्याय म्हणजे काय, यावर तासभर बोलू शकते. पण हे वाक्य ऐकून मी वाद सोडला आणि त्याच्याबरोबर मासा निवडायला बसले.

एवढं मात्र त्या दिवशी त्याच्या बोलण्यातून समजलं, की हा माणूस इतकी वर्षं दुपारचा डबा कुठे खात होता. रोज. आईजवळ. माझ्या शपथेने तिला काय दिलं? आणि त्याच्या नोकरीने? मी चूक होते असं मी म्हणणार नाही. जमीन आमची होती, आमचीच आहे, आणि हे मी उद्या पुन्हा चौकात उभी राहून म्हणेन. पण मग तो चूक होता का? माझा गोंधळ झाला आहे आणि तो लपवायची मला लाज वाटत नाही.

आज फाटकाशी चाळीस वर्षांची उत्तरं तयार ठेवून आले होते. पहारेकरी पोरगेला होता. यादीत नाव पाहिलं आणि म्हणाला, "आजी, पाणी आहे ना जवळ? ऊन फार आहे." आता याच्यावर कसं चिडायचं?

पाच वाजता दादाला फाटकातून आत यायचा पास परत करायचा आहे. नियम आहे, मला माहीत आहे. तो मला बजावून आला आहे, की माझ्यासाठी काही मागू नकोस. म्हणून मी मागत नाही. फक्त विचारते, कॅप्टनसाहेब: उद्या दुपारी तिच्याजवळ कोण बसणार?

तुम्ही मान खाली घातलीत. उत्तर आत्ताच द्या असं नाही.

आपण मला ऐकून घेतलंत, तुमच्याच छताखाली तुमच्याविरुद्ध बोलू दिलंत, याबद्दल आभार मानते. स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे त्याहून जास्त मानते. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, मान राखायचा राहिला असेल, तर म्हातारीचं समजून पोटात घाला.

आता साडेतीन वाजलेत. मला ती जागा माहीत नाही, दादा, तू पुढे हो. कॅप्टनसाहेब, आम्ही दोघं जरा आईकडे जाऊन येतो.

जाऊ का?