तिनं ओंजळ उघडली

मी देवणीची. बाप गुरं राखायचा, अन् आमच्या घरची एकच शिकवण, दारात आलेल्याला आधी पानी द्यायचं, मग नाव-गाव इचारायचं. पोलिसात लागले तरी तीच शिकवण धरून चालले. लातूरला दुष्काळ पडला तवा माझी ड्यूटी टँकरवर, अन् लाठी उगारून कुठं रांग लागती व्हय, मी आपली घागरी रांगेत लावायचे अन् बायांना लिंबाखाली बसवायचे. घागरी भांडत न्हाईत. साहेबानं ते बघितलं अन् शांतिसेनेसाठी माझं नाव धाडलं.

आफ्रिकेतला देश, नाव कशाला घेऊ. लढाई नुकती थांबलेली, नवा जिल्हा केलेला, अन् दोन्हीकडून लढलेल्या गड्यांना एकाच वर्दीत घालून नवे पोलीस बनवत होते. त्यांना शिकवायला आम्ही. दुष्काळ तिथंबी होताच, मी म्हनलं हे तर आपलं घरचंच काम.

माझ्या हाताखालचा एक गडी लई गुणाचा, मान खाली घालून राबायचा. टँकर आला, डबे रांगेत लागले, अन् एक म्हातारी धापा टाकत आली. मी त्याला म्हनलं, आधी हिला पाज. त्यानं ओतलं. काय सांगू तुम्हाला, म्हातारीनं वर त्याच्या तोंडाकडं बघितलं अन् ओंजळ उघडली. समदं पानी मातीत. ओठ फुटलेले तिचे, अन् तरीबी.

दुभाषी हळूच बोलला, लढाईत ह्यानंच तिच्या लेकांना घरातून ओढून नेलं, ते परत आलेच न्हाईत. मी गड्याकडं बघितलं. त्यो न्हाई म्हनला न्हाई. मग मी सोता ओतायला गेले, तर ती माझ्या वर्दीकडं बघून मागं सरली, अन् रिकामा डबा घेऊन तशीच गेली.

तिथल्या मोठ्या साहेबाला सांगितलं. त्यो म्हनला, त्याची चौकशी झालीय, अन् असल्या गड्यांना पोलिसात घेतलं न्हाई तर बंदुका घेऊन परत रानात जातील. त्याचंबी खोटं न्हवतं.

मी म्हनलं, "साहेब, ह्याला वर्दी देताना त्या म्हातारीला कुणी इचारलं का?"

गड्याची बदली झाली, पण म्हातारी काय परत टँकरवर दिसली न्हाई.

आता घरीच असते. दारात कुणी आलं की तांब्या समोर ठेवते, मी ओतत न्हाई, ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं. अन् महादेवाला एकच म्हनते, तिच्या गावात पाऊस पाड बाबा, तिला कुणाच्या हातचं पानी घ्यायची पाळी येऊ देऊ नको.