लकव्याच्या हाताचं जास्वंद

...आता मला सांगा, उभा जन्म यष्टीचं स्टेअरिंग फिरवलेल्या माणसाला कुणी फूल काढा म्हणतं का? पण म्हणल्या. नांदेडच्या दवाखान्यात हाताला व्यायाम देणाऱ्या दीपाली मॅडम हायेत, त्यांनी समोर कोरा कागद अन् रंगीत पेन्सिलींचा डबा ठेवला, म्हणल्या, "काका, उजव्या हातानं रोज एक फूल काढायचं अन् रंगवायचं, बोटं मोकळी होतील." फूल काढा म्हणे.

तुम्हाला सांगतो, मी शेषेराव, कंधार डेपोचा रिटायर ड्रायव्हर. अंगणात दाढी करून राहिलो होतो, वस्तरा पडला, उचलाया गेलो तर हातच उठंना, तोंड वाकडं, केवळाला, म्हंजे माझ्या बायकोला, हाक मारली तर तोंडातून नुसतं बॅ बॅ... तिला वाटलं शेळी सुटली, ती पळाली गोठ्याकडं. शेळी जागेवर, मी जमिनीवर.

तवापासून उजवा हात मेलेल्या कोंबडीवाणी मांडीवर पडलेला. घास डाव्या हातानं, नाडी बांधाया बायको. अन् फूल काढा म्हणे.

घरी बसलो. पेन्सिल सैल धरली की सुटती, दाबली की टोक मोडतं, केवळा टोक करून देती, मी पुन्हा मोडतो, असं घामाघूम होऊन कायतरी उमटलं एकदाचं. शेजारचा रामलिंग आला, लई वेळ कागद न्याहाळला अन् म्हणला, "भाऊ, वांगं झकास जमलं." जास्वंद होतं ते. त्यो गेल्यावर मी रडलो. लकव्याचं रडणं लई वंगाळ, डोळ्यातून पाणी, तोंडातून लाळ, बायकोनं पुसावं तरी काय काय?

मग केवळानं माझ्या हातावर हात ठेवला. शाळेची पायरी न चढलेली बाई, पेन्सिल जन्मात धरलेली न्हाई, पण माझा हात धरून फिरवू लागली. थोड्या दिसांनी माझा हात लवकरच थकला तर म्हणली, "तुमी टेका जरा, मी पाकळी पुरी करते." पाकळी केली, देठ केला, लाल रंग असा भरला की कडेला गडद अन् आत फिका, मी पाहतच राहिलो. मग रोजचंच झालं, मी दोन रेघा ओढून आडवा, अन् ती दुपारभर कागदावर वाकलेली, चुलीवर वरण करपून राहिलं तरी पत्ता न्हाई.

पुढल्या खेपेला मॅडमनी ते कागद पाहिले. "काका, काय हात सुधारला हो. किती सुंदर पाकळ्या." दुसऱ्या पेशंटांनाबी बोलावून दाखवलं. मी खरं सांगाया तोंड उघडलं, जीभ जड, शब्द जुळवतोय तर केवळाकडं नजर गेली. खुर्चीच्या टोकावर बसली होती, पदर तोंडाला लावलेला, अन् डोळे त्या कागदावर. एवढ्या संसारात तिच्या हाताच्या कामाला सुंदर म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं हो तिला. म्या तोंड मिटलं. हात तसाच थंड मांडीवर पडलेला... त्याला काय, त्यो कुठं बोलतो.

मॅडम म्हणल्या, "आता फूल पुरे, मोर काढा."

तर सध्या घरी मोर चालू हाय. काल म्हणलं, केवळा, घोटभर चहा टाक. निळी पेन्सिल कागदावरून न उचलता म्हणली,

"थांबा, पिसं होऊ द्या."