गाळलेली ओळ

वायरलेस : थांब, थांब! तिसरी ओळ पुन्हा गाळलीस.

ड्रायव्हर : गाळली? मी तर सरळ चाललो होतो.

वायरलेस : दुसरीवरून थेट चौथीवर गेलास. 'पुढची वाट तू दाखव', ही ओळ कुठंय? जन्मभर लष्कराचा ट्रक हाकलास आणि नेमकी वाटेचीच ओळ विसरतोस?

ड्रायव्हर : वाट विचारायची सवय नाही मला.

वायरलेस : म्हणून तर एकदा आख्खी तुकडी शत्रूच्या हद्दीत चहा पिऊन आली!

नर्स : काका, बोलणं पुरे आता. ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर येतंय. आणि ही कसली शिकवणी?

वायरलेस : माझ्या अंत्यविधीची प्रार्थना. तुम्ही हृदय उघडणार, काय भरवसा? मी गेलोच तर हा म्हणेल.

नर्स : अहो, काहीतरी शुभ बोला! आणि हे कशाला? तुमचे धर्मगुरू असतील की.

ड्रायव्हर : आमच्या चौकीवर कुठले धर्मगुरू, सिस्टर? कमरेइतकं बर्फ. आम्ही पाच जण, पाच धर्मांचे; मी ट्रकवर, हा वायरलेसवर. मग ठरवलं, प्रत्येकानं बाकी चौघांची शेवटची प्रार्थना पाठ करायची. जो जाईल त्याला त्याच्याच शब्दांत निरोप.

वायरलेस : तिघांना दिला. आता आम्ही दोघंच उरलोय.

नर्स : म्हणजे तुम्ही दोघं एका धर्माचे नाही?

ड्रायव्हर : छे! एका ट्रकचे.

नर्स : मग देवाधर्मावरून भांडणं व्हायची नाहीत?

वायरलेस : रोज! चिखलात ट्रक रुतला की ढकलताना पाचही देवांना हाका. ट्रक निघायचा. मग कोणाच्या देवानं ढकलला, यावर जेवणापर्यंत जुंपायची.

ड्रायव्हर : माझ्याच. स्टिअरिंग माझ्या हातात होतं.

वायरलेस : बघा! हे ऐकत मरायचं का मी?

नर्स : चला, स्ट्रेचर आलं.

वायरलेस : एकच मिनिट, सिस्टर. लेका, काल मुलगा म्हणाला, 'बाबा, इथं आपल्या धर्माची घरं जेमतेम चार. तुमच्या मागे उभं कोण राहणार?' मी म्हटलं, ड्रायव्हर आहे. आपली माणसं कोण, ते मला चौकीवरच कळलंय. तेव्हा एकदा नीट म्हण बाबा, म्हणजे मी निर्धास्त जातो.

ड्रायव्हर : म्हणतो. (पहिल्या दोन ओळी बरोबर म्हणतो.) 'तुझ्या दारी मला जागा दे'...

वायरलेस : ही चौथी! गाढवा, पुन्हा गाळलीस!

ड्रायव्हर : मग बाहेर आलास की शिकव.

वायरलेस : शिकवतोच! वर असा अर्धवट संदेश गेला तर कोण निस्तरणार? थांब इथंच, हलू नकोस!

(स्ट्रेचर आत जातं. दार बंद होतं.)

नर्स : बसा काका. एवढी साधी ओळ, खरंच पाठ होत नाही?

ड्रायव्हर : झोपेतून उठवलंत तरी म्हणेन, सिस्टर.

नर्स : मग?

ड्रायव्हर : ती ऐकली असती, तर निर्धास्त झाला असता. मला तो चिडलेलाच परत हवाय.