मणक्याची साक्ष

माझा जन्म कोरेगावच्या पुढल्या एका खेड्यातला. घर दाखवा अन् त्या घरातला फौजेतला माणूस दाखवा, असं आमचं गाव. वडील बसऱ्याच्या लढाईला जाऊन आलेले, चुलते गेले ते आलेच न्हाईत. मी अठरा वर्षांचा झालो तसा भरती झालो, चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर बरं, म्हणून मला स्टोअरला घातलं. कांबळी, बूट, बादल्या, खोरी, आलं किती अन् दिलं किती, सगळं लिहून ठेवायचं. ती सवय अजून सुटली न्हाई. बायको म्हणती, तुमी देवाच्या पाया पडायच्या आधी मागण्यांची यादी करता. ते खोटं न्हाई.

काय सांगू तुम्हाला, फौजेतला माणूस गोळीला भितो असं लोकांना वाटतं. भितो, व्हय, सगळेच भितात. पण मी गोळीपेक्षा गावाला जास्त भ्यालो, अन् तिथंच माझं चुकलं.

आमच्या कंपनीत मला धरून आमच्या गावचे अकरा जण. इटलीत व्हतो आमी, डोंगर, चिखल, अन् थंडी अशी की स्वतःची बोटं स्वतःची वाटत न्हाईत. खेचरांवर काडतुसाच्या पेट्या लादायच्या व्हत्या. एक पेटी पाठीवर घेऊन मी उताराला लागलो, पाय सरकला, पेटीसकट घळीत गेलो अन् धोंड्यावर असा बसलो की कण्यातनं कळ टाळूपर्यंत गेली. बरोबर एकटा महादू, आमच्या खालच्या आळीचा. तो म्हणला, चल, डाक्टरकडं नेतो उचलून. मी म्हणलं, न्हाई. दुसऱ्या दिवशी कंपनी पुढं जायची व्हती. आदल्या दिवशी जो दवाखान्यात जातो त्याला आमच्यात बांगड्या भरल्या म्हणतात, अन् महिन्याभरात गावात बाकीच्या नऊ जणांच्या नऊ चिठ्ठ्या पोचल्या असत्या. खिशात खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी व्हती, आईनं निघताना दिलेली. चिमूटभर महादूच्या तळहातावर ठेवली अन् म्हणलं, उचल, म्हण, हे पडणं कुणालाबी सांगणार न्हाई. लय येडा हायस रं तू, म्हणला. पण कपाळाला लावला अन् शपथ घेतली.

लढाई संपून परत आलो तवर डावा पाय निम्मा बधिर. फौजेतनं नाव कमी करताना डाक्टरनं विचारलं, पाठ कवापासून दुखती? माझ्यामागं रांगेत गावचीच माणसं उभी. मी म्हणलं, पहिल्यापासनंच, भरतीच्या आधीपासनं, साब. त्यानं तसंच लिहिलं.

पुढं वाकवेना, बसवेना, नांगर तर सोडाच, पायात वहाण घालायला बायको लागायची. अपंगाच्या पेन्शनीचा अर्ज केला, तो फिरला. दुखणं नोकरीतलं न्हाई, घरचं, असा शेरा. राहिलं अपील, अन् अपील एकदाच. ते गेलं की घर कशावर चालणार हे एक, अन् घरचं दुखणं फौजेच्या माथी मारणारा लबाड, असं माझ्या नावापुढं कायमचं राहणार हे दुसरं. मला जेवण जाईना. साताऱ्याच्या कचेरीतला कारकून चांगला, त्यानं सांगितलं ते मी लिहून घेतलं. नाव कमी केल्याचा कागद, मणक्याचा फोटो, अन् पडताना बघणारा साक्षीदार. फोटोला मिरजेला गेलो, आगगाडीत उभ्यानं, कारण बसलं की कळ. तिथला डाक्टर म्हणला, मणका चेचलाय, पडल्याबिगर असा व्हत न्हाई. कचेरीत म्हणले, पडलात खरं, पण कुठं? माळ्यावरनंबी माणूस पडतो.

राहिला महादू. तोबी तवर घरी आलेला. म्हणला, गड्या, साक्षीला येईन, पण बोलू काय? भंडारा उचललाय, तूच उचलायला लावलास. दोन लेकरं गेलीत माझी, ही तिसरी रांगतीया, शपथ मोडून हिला काय झालं तर? मग खंडोबाच्या देवळात कौल लावायचं ठरलं. गुरवानं देवाच्या दोन्ही अंगाला ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर महादू बोलायला मोकळा, डावं पडलं तर न्हाई. तोफा ऐकलेला माणूस मी, पण त्या फुलांकडं बघवेना, देवळाचे खांब मोजत उभा राहिलो.

डावं पडलं.

महादूची बायको सोना पोरीला कडेवर घेऊन खांबापाशी उभी व्हती. ती म्हणली, आवं भावजी, शपथ तुमीच घालायला लावली न्हवं? मग देवाला काय इचारताय, तुमच्या हातानं उतरवा अन् काय व्हायचं ते तुमच्या घरावर घ्या. महादू म्हणला, गप ए. ती म्हणली, का गप? ह्यांच्या पाठीचं ओझं माझ्या पोरीनं का वाहायचं?

मी गुरवाकडं बघितलं. तो म्हणला, शपथ अंगावर घेता येती, पण घेणाऱ्यानं इचार करावा. माझी तीन मुलं. मोठ्यापासनं धाकट्यापर्यंत मनात नावं घेतली. मग महादूच्या कपाळाला हात लावला, म्हणलं, ही शपथ माझी, इथनं पुढं माझ्यावर, अन् भंडारा माझ्या कपाळाला लावला. बायकोला विचारलं न्हवतं. तेच मला सगळ्यात जास्त खातं.

महादू अपिलाच्या साहेबापुढं नीट बोलला, काही न फुगवता. घळ, पेटी, धोंडा. साहेबानं मला विचारलं, तेव्हा लपवलंत का? मी म्हणलं, गावाला भ्यालो, साहेब. ते बराच वेळ लिहीत बसले. दोन महिन्यांनी कागद आला, अपील मंजूर, दुखणं नोकरीतलं. बायकोनं देवापुढं नारळ फोडला. मी लांब उभा राहिलो.

आता माझ्या वहीत एक पान हाय. तिघांची नावं, अन् खाली कुणाला कवा काय झालं ते. आजवर खोकला, गळू, एकदा ताप, एकदा विंचू. विंचवाच्या दिवशी मी दारातच बसकण मारली, पाठीची शुद्ध न्हवती. बायको म्हणती, ही कसली यादी? मी म्हणतो, तब्येतीची. सोनाची पोर आता चालती, आमच्या अंगणात येती. पाठीमुळं तिला उचलता येत न्हाई, नुसता डोक्यावर हात ठेवतो, म्हणतो, जग बाई, शंभर वर्सं जग.

तुमी बसून एवढं लिहून घेतलंत, देव तुमच्या लेकराबाळांना सुखी ठेवो. माझ्या बायकोला तेवढं वाचून दाखवू नका.